ग्रुपच्या मार्कांपासून नीटपर्यंत : विरार लोकलमधला डॉक्टरकीचा प्रवास

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी सहज विचारले, "आपल्या बॅचमधून डॉक्टर किती झाले?" मोजणी सुरू झाली. सहा नावे निघाली. दोघे एमबीबीएस, एक दातांची डॉक्टर, एक आयुर्वेदाचा, दोघी होमिओपॅथीच्या. मग दुसरा प्रश्न आला, "आणि दहावीला असताना डॉक्टर व्हायचे कितीजण म्हणत होते?" त्यावर बराच वेळ कुणी काही लिहिले नाही. निरोपसमारंभात बाईंनी प्रत्येकाला उभे करून "पुढे काय?" असे विचारले होते, तेव्हा निम्म्या मुलींनी आणि पाच-सहा मुलांनी "डॉक्टर" असे उत्तर दिले होते. मीही त्यांत होते.

मी डॉक्टर झाले नाही. बारावीला जीवशास्त्र शिकवते. गेली वीसहून अधिक वर्षे डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांना त्या दारापर्यंत पोचवण्याचेच काम करते आहे. या काळात त्या दाराचे कुलूप कितीदा बदलले हे जवळून पाहिले. म्हणून संपादक मंडळाने "आठवणी लिही" असे सांगितले असतानाही मी थोडा इतिहास लिहायचे ठरवले. आपल्यातले कोण आत गेले आणि कोण बाहेर राहिले, याची काही उत्तरे आपल्या हुशारीत आहेत. बरीचशी त्या-त्या वर्षीच्या नियमांत आहेत.

इंटर सायन्सचा काळ

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीत अकरावीची मॅट्रिक होती. ती झाल्यावर डॉक्टरकीकडे जायचे तर कॉलेजात दोन वर्षे काढून इंटर सायन्स करावे लागे. गणित घेणाऱ्यांचा ए ग्रुप, जीवशास्त्र घेणाऱ्यांचा बी ग्रुप. इंटरच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश. मुंबईत जायची ठिकाणे मोजकी होती. १८४५ साली सुरू झालेले ग्रँट मेडिकल कॉलेज, १९२१ चे टोपीवाला नॅशनल म्हणजे नायर, १९२६ चे सेठ जी. एस. म्हणजे केईएम, आणि १९६४ साली त्यांत भर पडली ती शीवच्या लोकमान्य टिळक कॉलेजची. वसई-विरारच्या मुलाला ही चारही कॉलेजे एका लोकलच्या अंतरावर होती. १८६७ साली विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली आणि १९३६ साली बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. आपल्या भागातल्या शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या रुळांपासूनच करावी लागेल.

पण लोकल मेडिकल कॉलेजच्या दारात नेऊन सोडायची, आत नाही. त्याआधीची दोन वर्षेही मुंबईतच काढावी लागत. पहाटेच्या गाडीत एका बाजूला दादरच्या बाजाराला निघालेल्या फुलांच्या टोपल्या आणि भाजीच्या पाट्या, दुसऱ्या बाजूला बेडूक कापण्याच्या पेटीसकट कॉलेजला निघालेला एखादा मुलगा, असे दृश्य माझ्या वडिलांनी कितीदा तरी सांगितले आहे. १९७१ मध्ये वसई रोडला विद्यावर्धिनीचे अण्णासाहेब वर्तक कॉलेज सुरू झाले आणि वाडीत पाणी लावून, आंघोळ करून सायकलवर कॉलेजला जाणे शक्य झाले. याचा सगळ्यांत मोठा फायदा मुलींना झाला असे मला वाटते. मुलगी रोज मुंबईला पाठवायची की नाही, हा प्रश्न अनेक घरांत अभ्यासाच्या आधी येई.

ग्रुपिंग किती?

१९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, त्यानंतर दोन वर्षांनी बारावीची. इंटर सायन्स गेले आणि मेडिकलचे दार बारावीच्या गुणांवर आले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. प्रत्येकी शंभर, मिळून तीनशे. या तीनशेपैकी किती, यालाच सगळे "ग्रुपिंग" म्हणत. निकालाच्या दिवशी शेजारीपाजारी एकूण टक्के विचारतच नसत. "ग्रुपिंग किती?" एवढाच प्रश्न असे.

या पद्धतीत एक साधेपणा होता. वर्षभर जे शिकलो त्याचीच परीक्षा, आणि त्याच परीक्षेवर प्रवेश. वेगळ्या क्लासची फी भरायची ऐपत नसलेल्या घरालाही हा रस्ता कळत असे. उत्तर मुद्देसूद लिहावे, आकृती पेन्सिलीने काढावी, नावे एका बाजूला एका रेषेत द्यावीत, हे आपल्या शाळेत आठवीपासून अंगवळणी पाडलेले होते. बाई हृदयाची आकृती पाच-पाच वेळा काढायला लावत, तेव्हा आपण कुरकुरत होतो. त्या काळाच्या नियमाप्रमाणे बाई आपल्याला थेट मेडिकलचीच तयारी करून देत होत्या.

दोष मात्र होतेच. प्रात्यक्षिकाचे गुण कॉलेजातच मिळत, आणि ते सगळीकडे सारख्याच काट्याने मोजले जात असे कुणीही छातीवर हात ठेवून सांगितले नसते. राज्य मंडळाचा मुलगा, सीबीएसईचा मुलगा आणि आयएससीचा मुलगा यांच्या गुणांची तुलना कशी करायची, याचेही समाधानकारक उत्तर नव्हते. एकेका गुणावर दहा-दहा मुले उभी असत. मग वयाने मोठा कोण, कुठल्या विषयात जास्त कोणाला, असे बघावे लागे.

त्यातच जागा कोणाच्या, हा वाद कोर्टात गेला. पूर्वी आपल्या राज्यात ज्या विद्यापीठाच्या हद्दीत शिकलात त्याच हद्दीतल्या मेडिकल कॉलेजात प्रवेश, असा नियम होता. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत. म्हणजे मुंबईची चार कॉलेजे आपल्याला खुली, आणि विदर्भातल्या मुलाला बंद. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सगळ्या जागा स्थानिकांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. १९८६ साली देशभरातल्या मुलांसाठी पंधरा टक्के जागा ठरल्या आणि त्यासाठी १९८८ पासून सीबीएसईची अखिल भारतीय परीक्षा, म्हणजे एआयपीएमटी, सुरू झाली. महाराष्ट्रातही १९८६ च्याच एका निकालानंतर सत्तर-तीस आले. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागाच्या, तीस टक्के सगळ्या राज्याला खुल्या. पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग रूढ झाले. आपण "उर्वरित"मध्ये मोडलो. म्हणजे पुणे, कोल्हापूर आणि नाशिकच्या मुलांच्या रांगेत.

त्या पंधरा टक्क्यांच्या परीक्षेचे नाव आपल्या शाळेत, किंवा नंतर कॉलेजातही, आमच्यापैकी किती जणांनी ऐकले होते? मी तरी ऐकले नव्हते. फॉर्म कधी निघतो, कुठे मिळतो, हे ज्यांना माहीत होते त्यांच्यासाठीच ते दार उघडे होते. पुढेही हेच होत राहिले. नियम बदलला की त्याची बातमी आधी शहरात पोचते, मग वसईत, आणि सगळ्यांत शेवटी डहाणू-तलासरीला नि जव्हार-मोखाड्याला. तोवर फॉर्मची मुदत संपलेली असते.

आमचे वर्ष : १९९९

आपण दहावी झालो मार्च १९९७ मध्ये. सायन्स घेतलेल्यांपुढचे पहिले संकट मेडिकलचे नव्हते, इंग्रजीचे होते. दहावीपर्यंत आपली पेशी होती, तिच्यात केंद्रक होते, तंतुकणिका होती, पानांत हरितद्रव्य होते. अकरावीच्या पहिल्या तासाला हे सगळे एकदम न्यूक्लियस, मायटोकाँड्रिया आणि क्लोरोफिल झाले. मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले होते. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. पहिल्या तीन महिन्यांत ती यादी अकरा पानांची झाली. ती वही अजून माझ्याकडे आहे, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी दरवर्षी ती दाखवते.

अकरावीला गेलो तेव्हा घरोघरी हिशोब एकच होता : बारावीचे ग्रुपिंग. दादा-ताई त्याच रस्त्याने गेले होते, त्यांच्या नोट्स हाती होत्या. पण त्याच सुमारास वरच्या पातळीवर गोष्टी हलल्या होत्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९७ च्या नियमावलीने सांगितले की ज्या राज्यात एकापेक्षा जास्त मंडळे बारावीची परीक्षा घेतात, तिथे मेडिकलसाठी वेगळी स्पर्धा परीक्षा घ्यावी. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि राज्यातली मेडिकल कॉलेजे एका छत्राखाली आली. १९९९ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने पहिली मेडिकल सीईटी घेतली. त्या परीक्षेला बसलेली पहिली बॅच आमची.

ज्यांनी नंतर सीईटी दिली त्यांना पहिल्या वर्षाचा गोंधळ कळणार नाही. जुने पेपर नव्हते, कारण परीक्षाच जुनी नव्हती. विचारायला सिनियर नव्हते. एका प्रश्नाला चार पर्याय आणि एक गोल काळा करायचा, एवढे समजले होते. पण तशा प्रश्नांचा सराव शाळेत "योग्य पर्याय निवडा" या पाच गुणांच्या प्रश्नापुरताच झालेला. बारावीचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी पूर्वीच्या मुलांनी पुस्तके माळ्यावर टाकली असती. आम्ही संध्याकाळी तीच पुस्तके पुन्हा पहिल्या पानापासून काढली, आणि या वेळी मोठे प्रश्न सोडून ओळींमधले बारीक तपशील वाचू लागलो. मुंबईतल्या क्लासेसनी सीईटीच्या खास बॅचेस काढल्या. दादरच्या एका क्लासची फी ऐकून माझे वडील काही बोलले नाहीत. नुसते अंगणात जाऊन उभे राहिले. मी गेले नाही. आमच्यातले तिघे गेले. सकाळची विरार लोकल, उभ्याने दादर, चार तास क्लास आणि परतीच्या गर्दीत बोरिवली ओलांडेपर्यंत पुस्तक डोक्यावर धरलेले.

निकाल लागला आणि आपल्या बॅचमध्ये दोन गोष्टी घडल्या. त्या दोघांची नावे मी लिहीत नाही, त्यांना कळेलच. आपल्या वर्गात जी नेहमी पहिली येई तिचे बारावीचे ग्रुपिंग इतके होते की आदल्या वर्षी ती मुंबईतल्याच कॉलेजात गेली असती. सीईटीत ती मागे पडली. एकेक प्रश्न पूर्ण समजून घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही तिची सवय. शाळेत त्याच सवयीचे कौतुक झाले होते. सीईटीत तिला तेच नडले. वेळ संपली तेव्हा तिचे पंचवीसेक प्रश्न बघायचेच राहिले होते. दुसरा आपला अर्नाळ्याकडचा मित्र. त्याचे अक्षर वाचताना सरांना चष्मा पुसावा लागे. लांब उत्तर लिहायचा त्याला कंटाळा. पण डोक्यात सगळे पक्के. बारावीच्या गुणांवर त्याला कुणी विचारले नसते. सीईटीने त्याला एमबीबीएसला नेले. आज तो आपल्या तालुक्यातला चांगला सर्जन आहे.

म्हणून "जुनी पद्धत चांगली की नवी?" असे कुणी विचारले की मला ही दोघे आठवतात. एका दाराने एकाला घेतले आणि दुसरीला नाकारले. दोघांत डॉक्टर व्हायला लायक कोण, हे त्या दोनशे गुणांत कुठेच विचारलेले नव्हते.

सीईटीची वर्षे

हळूहळू सीईटी रुळली. अनेक वर्षे तिचा साचा ठरलेला होता. भौतिकशास्त्र पन्नास, रसायनशास्त्र पन्नास आणि जीवशास्त्र शंभर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत. त्यामुळे मुलांना पहिली शिकवण असे : एकही गोल रिकामा सोडू नका. २००४ पासून इंजिनिअरिंगचे प्रवेशही याच परीक्षेवर आले आणि ती एमएचटी-सीईटी झाली. अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच राहिला, आणि मला वाटते हीच सीईटीची सगळ्यांत मोठी मेहेरबानी होती. पुस्तक तेच, फक्त प्रश्न विचारायची तऱ्हा वेगळी. वसईतल्या कॉलेजात शिकून, राज्य मंडळाची पुस्तके घोटून आणि घरी सराव करून मुले आत जात होती.

या वर्षांत मी शिकवायला लागले. आजूबाजूला दोन बदल दिसत होते. एक, क्लास आता दादरहून उत्तरेकडे सरकत बोरिवली, मग भाईंदर आणि शेवटी वसई-विरारला आले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली तोवर स्टेशनच्या पश्चिमेला औषधांच्या दुकानांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्या होत्या. दुसरा बदल जास्त खोल होता. सगळ्या राज्यात "लातूर पॅटर्न" हा शब्द झाला. तिथल्या राजर्षी शाहू आणि दयानंद कॉलेजांनी पाठांतर, सततच्या चाचण्या आणि कडक वेळापत्रक यांतून एकेका वर्षी शेकड्यांनी मुले मेडिकलला पाठवली. कोकणपट्टीतल्या आईबापांनीही मुले लातूरला ठेवायला सुरुवात केली. वसईहून लातूर! सतरा वर्षांचे पोर खोलीवर राहते, मेसचे जेवते आणि रविवारी फोनवर फक्त चाचणीतले गुण सांगते. हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा वाटले होते, हे चार दिवसांचे फॅड आहे. माझा अंदाज साफ चुकला.

कॉलेजचे वर्गही रिकामे होऊ लागले. नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, यालाच "इंटिग्रेटेड" असे गोंडस नाव मिळाले. हजेरीचा प्रश्न इतका वाढला की २०१८ मध्ये सरकारला मोठ्या शहरांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. माझ्या स्वतःच्या वर्गात पटावर ऐंशी आणि बाकांवर चौदा, असे दिवस मी काढले आहेत. त्या चौदांत मात्र क्लासची फी न परवडणारी मुले असत, आणि त्यांच्यासाठी मी कधी तास सोडला नाही, एवढे समाधान आहे.

दोन परीक्षांमधले सव्वीस दिवस

५ मे २०१३ रोजी देशात पहिल्यांदा नीट झाली. महाराष्ट्राने त्या वर्षी मेडिकलचे प्रवेश नीटवरच दिले. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला चार, चुकीला वजा एक. "एकही गोल रिकामा सोडू नका" असे शिकवलेल्या मुलांना आता "येत नसेल तर सोडा" असे शिकवायचे होते. शिवाय प्रश्न एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या धर्तीचे, आणि त्या वर्षीची आपली बारावी अजून राज्याच्या जुन्या अभ्यासक्रमावर. नवा, राष्ट्रीय धर्तीचा अभ्यासक्रम त्यांच्या एक वर्ष मागच्या मुलांना मिळाला. दोन अभ्यासक्रमांच्या फटीत अख्खी बॅच सापडली. आणि १८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने नीटच रद्द ठरवली. २०१४ आणि २०१५ ला पुन्हा सीईटी.

आणि मग २०१६ आले. एप्रिलमध्ये न्यायालयाने आपलाच आधीचा निकाल मागे घेतला. २८ एप्रिलला आदेश आला की याच वर्षी नीट होणार. १ मे ची एआयपीएमटी हाच नीटचा पहिला टप्पा, २४ जुलैला दुसरा. महाराष्ट्राची सीईटी होती ५ मे ला, म्हणजे आठवड्यावर. मुलांनी सीईटी दिली, आणि चार दिवसांनी, ९ मे ला न्यायालयाने सांगितले की राज्यांना वेगळी परीक्षा चालणार नाही. २४ मे रोजी वटहुकूम निघाला आणि त्या वर्षापुरती राज्याच्या कोट्याला सीईटी चालेल असे ठरले. २८ एप्रिल ते २४ मे असे सव्वीस दिवस महाराष्ट्रातल्या मुलांना आपली परीक्षा कोणती हेच माहीत नव्हते.

त्या वेळची माझी एक विद्यार्थिनी निर्मळच्या बाजूची. घरी केळीची वाडी, वडील गेलेले, आई फुले घेऊन पहाटे दादरला जाणारी. मे महिन्यातल्या एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. "बाई, मी कुठला अभ्यास करू?" आजवरच्या नोकरीत इतका साधा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. "दोन्हीचा कर," म्हणाले. फोन ठेवल्यावर माझीच मला लाज वाटली. दोन्हीचा म्हणजे राज्याची पुस्तके आणि एनसीईआरटी, गुण कापणारी परीक्षा आणि न कापणारी. तेही एका खोलीच्या घरात, मे च्या उकाड्यात. तिला एनसीईआरटीची पुस्तके घेऊन दिली आणि तिच्याबरोबर मीही ती वाचायला बसले. वटहुकूम निघाला तेव्हा ती रडली. सीईटीवर तिला सरकारी कॉलेज मिळाले. पण त्याच वर्षी माझा आणखी एक विद्यार्थी, ज्याने मे महिन्याच्या सुरुवातीपासून "आता नीटच" म्हणून पुण्याच्या क्लासला पैसे भरले होते आणि सीईटीचा पेपर निष्काळजीपणे दिला होता, तो वर्षभर मागे राहिला. वटहुकूम एकच होता. तिच्या घरी पेढे आले आणि त्याच्या घरी सुतक.

नीटनंतर

२०१७ पासून नीट कायमची झाली. त्या वर्षी ती मराठीसह दहा भाषांत देता येऊ लागली. वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या आल्या. पण आपल्याकडे बारावी विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात. दोन वर्षे मायटोकाँड्रिया म्हटल्यावर शेवटच्या दिवशी तंतुकणिका वाचायला कोण बसणार? मराठी माध्यमाच्या मुलाची अडचण पेपरात नसते, अकरावीच्या पहिल्या तासाला असते.

तमिळनाडूने प्रवेश परीक्षाच बंद करून बारावीच्या गुणांवर मेडिकल प्रवेश द्यायचा मार्ग २००७ मध्ये धरला होता, आणि नीटला त्या राज्याचा विरोध आजही चालू आहे. अमेरिकेत तर डॉक्टरकीची योग्यता-चाचणी १९२८ पासून आहे. तिथे ती सुरू करण्यामागे प्रवेश घेऊन अर्ध्यातच शिक्षण सोडणाऱ्यांची संख्या कमी व्हावी असा विचार होता. आपल्याकडे परीक्षा आली ती वेगळ्याच कारणाने. बसणारे लाखांनी आणि जागा थोड्या, म्हणून. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून जास्त मुले नीटला बसली, आणि एमबीबीएसच्या जागा साऱ्या देशात लाखाहून थोड्याच अधिक. रोग्याशी धीराने बोलता येते का, रक्त बघून घाबरत नाही ना, रात्री दोन वाजता उठून जाईल का, यांतले एकही ७२० गुणांत नाही. ते तपासायला कुणाला सवड नाही.

करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, नीट मे मधून पुढे जात जात १३ सप्टेंबरला झाली. लोकल सामान्यांसाठी बंद होती. प्रवेशपत्र दाखवले तर परीक्षार्थींना गाडीत चढू देतील, असे रेल्वेने जाहीर केले. त्या दिवशी मोकळ्या विरार लोकलमध्ये मास्क लावून, प्रवेशपत्र हातात धरून बसलेल्या माझ्या मुलांचा फोटो माझ्याकडे आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विरारला बसायला खिडकी मिळाली होती. त्याच महिन्यात राज्याने सत्तर-तीसचा नियमही रद्द केला. आता साऱ्या महाराष्ट्राची एकच रांग.

आणि २०२४. निकालात ६७ मुलांना पैकीच्या पैकी, वाढीव गुणांचा घोळ, १,५६३ मुलांना पुन्हा परीक्षेचा पर्याय, पेपरफुटीचा तपास, आणि अखेर २३ जुलैला "पूर्ण परीक्षा पुन्हा नको" असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. त्या दीड महिन्यात मला पुन्हा रात्री फोन येत होते. प्रश्न तोच, आवाज नवे. या वेळी मी "दोन्हीचा कर" म्हटले नाही. म्हटले, "जेवलीस का? आधी जेव. मग झोप. उद्या बोलू." इतक्या वर्षांत मी शिकले ते एवढेच.

एक विनंती

आपल्या वर्गातल्या त्या पहिल्या येणाऱ्या मैत्रिणीला मी हा लेख आधी वाचून दाखवला. ती आज औषध कंपनीत संशोधन करते, चांगले चालले आहे. ती म्हणाली, "लिही, पण माझी कीव येईल असे लिहू नको. मी नापास झाले नव्हते. नियम बदलले होते." हे वाक्य मी वर्गात अनेकदा वापरणार आहे. निकालाच्या दिवशी घरी तोंड लपवून बसलेल्या मुलाला हे कुणी तरी सांगायला हवे असते. १९९९ मध्ये आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

आता विनंती. स्नेहसंमेलनाला येताना, घरी असेल तर, जुनी कागदपत्रे घेऊन या. कुणाच्या वडिलांची इंटर सायन्सची गुणपत्रिका, कुणाचे १९९९ च्या सीईटीचे प्रवेशपत्र, कुणाच्या मुलाचे नीटचे. आपण त्यांच्या प्रती काढून एका फाइलीत लावू आणि शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. नववी-दहावीच्या मुलांनी ती फाइल चाळली तर त्यांना एवढे तरी कळेल की आपल्या आधीही इथून मुले निघाली होती, दर वेळी वेगळ्या फाटकातून.

आणि बाई, तुम्ही येणारच आहात. हृदयाची ती आकृती मी आजही फळ्यावर काढते. पेपरात तिला आता एकही गुण नाही. तरी दर वर्षी काढते, आणि मुलांनाही काढायला लावते. पाच वेळा.